पडीक डोंगरावरचं अतिक्रमण

इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं तेव्हा वडील म्हणाले, "आता लोक हसतील तुला." मी नांदेडच्या एका मॅपिंग ऑफिसात चिकटलो आणि हसण्यासारखं सगळं मोठ्या माणसांनीच करून ठेवलं! सॅटेलाइटच्या फोटोवरून किनवटच्या जंगलातली झाडं ओळखून नकाशात भरायची, हे काम. नकाशा रिकामाच राहिला, किस्से भरत गेले.

*

आमचे बिराजदार सर लातूरचे. भूकंपानंतर स्लॅबखाली बसायचे नाहीत. भीती खरी होती, तिला मी हसत नाही. पण कॉम्प्युटर बाहेर लिंबाखाली! बाहेरच्या उजेडात स्क्रीनवर ढिम्म दिसायचं नाही. सर डोळे बारीक करून म्हणायचे, "लई क्लिअर दिसायलंय जंगल!"

*

या फोटोंत हिरवी झाडं लाल दिसतात. वरचे साहेब बघायला आले आणि भडकले, "जंगल जळून राहिलं अन् तुम्ही बसलात?"

सरांनी चक्क माफी मागितली. वर आग विझल्याचा रिपोर्ट पाठवला!

*

सरांचा मेव्हणा लातुरात क्लासेस चालवायचा. तोच पॅटर्न सरांनी जंगलाला लावला. "सगळी झाडं कशाला? अपेक्षित तेवढी करा. साग, बांबू, तेंदू. बाकी ऑप्शनला!"

मोह ऑप्शनला गेला.

*

फोटो फाल्गुनातला. तेव्हा मोहाला पान नसतं. त्यामुळे मोहानं भरलेला अख्खा डोंगर नकाशात 'पडीक' झाला. लातुरात होस्टेलांवर होस्टेलं उठत होती, खडी हवीच होती. डोंगर क्रशरला द्यायचं ठरलं.

पायथ्याची यमुनाबाई मोहफुलं वेचून घर चालवायची. तिनं टोपलीच आणून सरांच्या टेबलावर उपडी केली. "झाडं न्हाईत, तर हे काय माझ्या डोईवर उगवलं?"

"बाई, फुलं ग्राह्य नाहीत. फोटो ग्राह्य."

आमचे ड्रायव्हर सलीमभाई दारातून म्हणाले, "साब, तुमारा बी एक फोटो निकालो ऊपर से. टक्कल दिखा तो तुम बी पडीक!"

*

श्रावणात सर क्रशरची जागा बघायला गेले. डोंगर हिरवागच्च! सरांनी नकाशा बघितला, डोंगर बघितला, परत नकाशा. मला वाटलं, म्हातारा आता तरी चूक कबूल करील.

"पडीक जमिनीवर झाडांनी अतिक्रमण केलंय! नोटीस काढा. त्यांचं उत्तर येईस्तोवर जैसे थे. क्रशर बंद."

सलीमभाईंनी नोटीस मोहाच्या खोडाला चिकटवली.

यमुनाबाईनं विचारलं, "अन् साहेब, उत्तरच न्हाई आलं तर?"

"तर जैसे थे."

तिनं खोडावर थाप मारली. "ऐकलंस नव्हं? गप ऱ्हा."