आत्याच्या दोन पणत्या

त्या दिवशी सकाळी फोन वाजला, भाऊ म्हणाला, “सुमनआत्या गेली,” आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? आता भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी डोंगरावर कोण नेणार! लाज वाटली. पण आत्याला हे कळलं असतं तर ती खूशच झाली असती...

नव्वदच्या दशकापासून दर दिवाळीत नाशिकहून त्र्यंबकच्या बाजूला जाणाऱ्या पहिल्या एस.टी.नं आमची वरात निघायची. फाट्यावर उतरलं की तासाभराची सोपी चढण. गवत पिवळंधमक, सागाची पानं कडांनी तांबूस, आणि सगळ्यांच्या पुढे आत्या, “चला रे, घर वाट बघतंय!” वर जुन्या वस्तीची नुसती जोती उरली होती. झरा आटला तशी माणसं खाली रस्त्यालगत आली, तेव्हा आत्या तीन वर्षांची. आजी-आजोबा दाखवायला राहिले नव्हते, पण आजीनं सांगितलेल्या दगडी उखळावरून आत्यानं आमचं घर हुडकलं होतं. तिथे ती आम्हाला चपला बाहेर काढायला लावायची, जोतं झाडायची, पणती लावायची. भोवती वाळलं गवत, म्हणून तेल संपेपर्यंत लाडू-चिवडा खात राखण करायची आणि पणती पुसून परत पिशवीत.

आमच्या या फेरीच्या दहाव्या वर्षी, दरवेळी लांब शेळ्या वळताना दिसणारी म्हातारी जवळ आली. “बाई, हे घर आमचं हाय. तुमचं त्या आंब्याच्या पल्याड.”

आमचे लाडू हातातच राहिले. आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, मावशी?”

“आमच्या घरात दिवा लावनारं दुसरं कोन हाय? म्हनून गप ऱ्हायले. आता लेकीकडं चालले, परत येनं नाय. तुमचं घर तुमाला सांगाया नको?”

आत्या आधी रडली, मग हसत सुटली आणि म्हातारीच्या गळ्यातच पडली. “तुमचा दिवा बंद होणार नाही, मावशी!” आणि आम्ही सगळे आंब्याकडे पळालो. तिथेही उखळ होतंच! घरोघरी उखळ असतं, हे आम्हा शहरी शहाण्यांना सुचलंच नव्हतं.

पुढच्या वर्षापासून पणत्या दोन. पहिली म्हातारीच्या घरी. मी एकदा कुरकुरले, तर आत्या म्हणाली, “आपलं घर आहे गं, थांबेल जरा.”

परवा तिची कापडी पिशवी उघडली. एक पणती काळीकुट्ट. दुसरी, आमच्या घरची, अजून लालच... तीनदाच तर लागली होती. वाती मी वळून ठेवल्या आहेत. पहिली एस.टी. धरायची, आधी म्हातारीचं घर, मग आमचं, आणि ही लाल पणती काळी होईपर्यंत जात राहायचं.