कार्डांची मागली बाजू

कपबश्यांच्या कारखान्यात तिला सगळे कार्डताई म्हणायचे. फाटकापाशी एक खिडकी, खिडकीमागे ती, आणि तिच्या पाठीमागे भिंतभर हजेरीची कार्डं. कामगार आला की तिने त्याचं कार्ड काढून द्यायचं, त्याने ते घड्याळाच्या यंत्रात सरकवायचं, खट्ट करून वेळ उमटायची, की कार्ड परत तिच्या हातात. काम एवढंच. पण ते ती अशा थाटात करायची, की खुद्द मॅनेजर खिडकीसमोर आले तरी आधी कॉलर नीट करायचे.

"कार्डताई, जरासाच उशीर झालाय हो."

"मला नको सांगूस. घड्याळाला सांग. त्याने ऐकलं तर माझी काही ना नाही."

लग्नाचं तिने मनावर घेतलं नाही. धाकट्या भावाला वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि मॅनेजरच्या मागे लागून लागून त्याला त्याच कारखान्यात चिकटवलं. त्या दिवशी त्याचं नवंकोरं कार्ड तिने स्वतःच्या हाताने भरलं, आणि घरी येऊन भावजयीला म्हणाली, "घे बाई, तुझा नवरा आता माझ्या खिडकीतून आत जाणार. दांडी मारायची सोय नाही."

कारखान्यात खाती बरीच होती. साचे, भट्टी, रंग, बांधणी. आणि एक भुकटी खातं. तिथे पांढरा दगड दळून त्याचं पीठ करायचे. तिथून बाहेर पडणारा माणूस भुवयांपर्यंत पांढरा असायचा, आणि बाकीचे त्याला "काय पाहुणे, कुठल्या नाटकात काम?" म्हणून चिडवायचे. त्या खात्यात कुणी कायम टिकत नसे, म्हणून मुकादम माणसं आठवड्याला फिरवायचा. आणि या आठवड्यात कोण कुठे, हे तो प्रत्येकाच्या कार्डाच्या मागे लिहायचा. शिसपेन्सिलीने. शाई नको, माणूस मधेच हलवला तर खोडता यायला हवं. आधीचा मुकादम इतका दाबून लिहायचा, की पुढच्या बाजूला फोड उठायचे. त्याच्यानंतर जो आला त्याचा हात मात्र मोरपिसासारखा. कार्ड उजेडात तिरकं धरलं की अक्षर दिसायचं. कार्डताईला मात्र सरळ धरूनही दिसायचं. सवयीचे डोळे.

कारखाना बंद झाला तेव्हा मालकाच्या मुलाने सांगितलं, "ती कार्डं जाळून टाका." तिने टेम्पो बोलावला, पत्र्याच्या पेट्या भरल्या आणि घरी घेऊन आली.

भावजय दारात कपाळाला हात लावून उभी. "वन्सं, नोकरी संपली की लोक शाल घेऊन घरी येतात. तुम्ही पेट्या आणल्यात!"

"शाल कुणी दिलीच नाही. जे मिळालं ते आणलं."

पेट्या तिच्या खोलीत पलंगाखाली गेल्या, आणि पुढे बरीच वर्षं कुणाला त्यांची आठवण झाली नाही.

मग भावाचा खोकला सुरू झाला. आधी जिन्यावर, मग अंघोळ करताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "दगडाच्या धुळीत काम केलंय का?" भाऊ म्हणाला, "दगडाच्या नाही हो, कपबश्यांच्या." सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. ही धूळ आत गेली की बाहेर येत नाही, म्हणाले. पण छातीच्या मोठ्या इस्पितळात नवीन सोय झाली होती. ज्यांनी अशा धुळीत काम केलं, त्यांना जन्मभर औषधं आणि घरी ठेवायला प्राणवायूचं यंत्र. अट एकच. धुळीच्या खात्यात काम केल्याचा पुरावा.

कार्डताई इस्पितळातून घरी आली ती थेट पलंगाखालीच वाकली.

"पुरावा म्हणे! अरे, पुराव्यावर झोपतेय मी इतकी वर्षं!"

इस्पितळाला मात्र कागद नको होते. सगळं संगणकावरून पाठवायचं. तेव्हा भाची पुढे आली. ती विम्याच्या एजंटकडे कामाला, घरोघर जाऊन लोकांचे कागद उतरवून घ्यायची. तिच्याकडे त्याचं छोटं यंत्र होतं, हातभर लांब, पिशवीत मावणारं. एका बाजूने कागद द्यायचा, दुसऱ्या बाजूने तो बाहेर, आणि मधल्या मधे त्याचा फोटो लॅपटॉपवर.

"आत्या, घाबरू नकोस, हे चावत नाही."

"मी घाबरतेय? अगं, घड्याळाचं यंत्र अडलं की मीच त्याच्या पाठीत गुद्दा घालायचे. हे तर त्याचं पिल्लू आहे."

दोघी जेवणाच्या टेबलावर बसल्या. पहिला गठ्ठा ऑफिसातल्या लोकांचा निघाला. भराभर कार्डं जाऊ लागली. कार्डताई पडद्यावर वाकून बघत होती.

"हे मधे मधे पांढरं काय येतंय?"

"मागली बाजू. आपण दोन्ही बाजू घेतोय ना. यांच्या मागे काही लिहिलेलंच नाही, मग पांढरं येणार."

"ऑफिसवाल्यांना कोण खातं बदलायला लावतंय! बरं, मग ते पांढरं कशाला पाठवायचं? तिकडचा माणूस कंटाळेल. नको तो पसारा."

"कोरी पानं गाळायची सोय आहे यात."

"मग गाळ की! मुहूर्त बघतेयस का?"

भाचीने एका चौकोनात खूण केली. पांढरं यायचं बंद झालं. कार्डताईला ते फार आवडलं. "हुशार आहे गं तुझं पिल्लू."

नंतरचे दिवस ती एकटीच ते चालवायला शिकली. भाची कामावर गेली की यंत्र तिच्याकडे. जुन्या कामगारांमध्ये बातमी पसरली, आणि एकेक जण जिना चढून, धापा टाकत येऊ लागला. तिने टेबल दारातच ओढून घेतलं.

"कार्डताई, माझं आहे का हो?"

"तुझं नसेल कसं? तू काय पगाराशिवाय राबत होतास? बस तिथे, श्वास घे आधी."

प्रत्येकाचं कार्ड ती पडद्यावर नंबराशी ताडून बघायची. नंबर बरोबर, वेळा स्वच्छ. जुन्या मुकादमाच्या कार्डांची मागली बाजूही मधून मधून पडद्यावर यायची, ठळक. तेवढी दिसत होती म्हणून तिला कसली शंका आली नाही. जे येत नाही त्याची हाक ऐकू यायची कशी?

एक अडचण होती. कार्डं हलवली की त्यांतून पांढरी भुकटी उडायची. त्याच कारखान्याची, इतक्या वर्षांनीही. आतल्या खोलीत भाऊ खोकून खोकून निळा पडायचा. डॉक्टरांनी दटावलं, "हे घरात ठेवूच नका." म्हणून जो गठ्ठा झाला तो लगेच पोत्यात, आणि पोतं रद्दीवाल्याकडे. शेवटची पेटी रिकामी झाली तेव्हा तिने ती ओल्या फडक्याने आतून पुसली, गच्चीवर उलटी टाकली, आणि भावाच्या खोलीची खिडकी उघडली.

"घे. आता मोकळा श्वास घे."

"घेतो," भाऊ म्हणाला. "मिळाला की घेतो."

इस्पितळातून बोलावणं आलं. तिथल्या बाई चांगल्या होत्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग पडदा तिच्याकडे वळवला.

"हजेरी अगदी व्यवस्थित आहे हो. इतकी स्वच्छ कुणीच पाठवत नाही. पण खातं कुठे लिहिलंय?"

"मागे."

"मागे काहीच नाही आलेलं."

"असं कसं? पुढचं दाबा."

बाईंनी पुढचं दाबलं. पुढचं कार्ड आलं, पुढचीच बाजू. पुन्हा दाबलं. पुन्हा पुढचीच. कार्डताईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मधेच एक मागली बाजू आली तशी ती जवळजवळ ओरडलीच, "हे बघा! हे!" पण ते जुन्या मुकादमाचं अक्षर होतं, आणि ज्याचं ते कार्ड, त्याला जाऊन किती वर्षं झाली होती. भावाची सगळी नोकरी दुसऱ्या मुकादमाच्या हाताखाली गेलेली. भावाच्या कार्डांना मागली बाजूच नव्हती. आणि जे जे जिना चढून आले होते, त्यांतल्या कुणाच्याच नव्हती.

"मूळ कार्डं आणा ना," बाई म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांनी बघून शेरा मारते. त्यात काय एवढं."

कार्डताई पडद्याकडेच बघत राहिली. बाईंना वाटलं हिला ऐकू कमी येतं, म्हणून त्यांनी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं.

रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रांच्या थप्प्या, तराजू, आणि तराजूमागे चहा पिणारा रद्दीवाला.

"ती कार्डं? मावशी, ती त्याच आठवड्यात गेली. कागदाच्या गिरणीत. जाड कागद हातोहात उचलतात."

"गिरणी कुठे आहे?"

"जाऊन काय करणार? तिथे पाण्यात घालून लगदा करतात."

तरी ती गेली. पहारेकऱ्याने तिला कुंपणाशीच अडवलं आणि लांबून हौद दाखवला. त्यात राखाडी काहीतरी घुसळत होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग पहारेकरीच म्हणाला, "आजी, काही पडलंय का तुमचं त्यात?"

भाची लॅपटॉपवर तासन्‌तास शोधत बसली. शेवटी तिने तोंडावर हात घेतले. "लपलेलं असतं तर काढलं असतं, आत्या. यंत्राने ते ठेवलंच नाही. फिकट होतं ना. त्याला ते कोरंच वाटलं. खूण मी केली होती. माझंच चुकलं."

"तुला गाळ म्हणालं कोण?"

"तरी मला कळायला हवं होतं."

"गप. मला कळायला हवं होतं. ते अक्षर मी बघत होते, तू नाही."

ती पुन्हा इस्पितळात गेली. मी लिहून देते, म्हणाली, मी त्या खिडकीत होते, कोण पांढरा होऊन बाहेर यायचा ते मी बघितलंय. बाईंनी शांतपणे ऐकलं. आठवणीवर देता येत नाही, म्हणाल्या, मग ज्याला त्याला आठवायला लागेल. आणि तुम्ही तर सख्ख्या बहीण. हे सांगताना त्यांनी टेबलावरून हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला. त्यापेक्षा त्या खेकसल्या असत्या तर बरं झालं असतं.

भावाला सांगायचं राहिलं होतं. दुपारी भावजय बाजारात गेल्यावर ती त्याच्या खोलीत गेली. तो उशांना टेकून बसलेला. आताशा त्याला आडवं होता येत नसे.

तिने सगळं सांगितलं. मधे थांबली नाही.

तो हसला. हसण्याचा खोकला झाला, आणि तो ओसरेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ऐक. माझ्याकडे कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा राहिलाय. मुकादमाचं अक्षर मला हुबेहूब येतं. घड्याळाच्या वेळा पण मी..."

"सगळ्यांची लिहिशील?"

"सगळ्यांची कशी होतील? तुझी."

"म्हणजे मी इथे नळी लावून बसायचं, आणि ते जिना चढून मला बघायला येणार."

"बसायचं. मी सांगतेय ना, बसायचं. मोठी आहे मी तुझ्यापेक्षा."

"बरं. मग सांग, काय लिहिशील? मला भुकटीत पहिल्यांदा कधी टाकलं?"

ती बोटांवर वर्षं मोजू लागली. सुरुवातीच्या पावसाळ्यात? की त्याची मुलगी झाली त्या वर्षी? रोज त्याचं कार्ड हातात घेतलं होतं, मागे वळवून वाचलं होतं, जागेवर ठेवलं होतं. लिहिलेलं आहे म्हणून तिने कधी लक्षात ठेवलंच नाही.

"आठवत नाही ना?" तो म्हणाला. "मलाही नाही."

"काहीतरी लिहू. त्यांना काय कळतंय."

"ताई." त्याने श्वास गोळा केला. "जे खरं होतं ना, तेवढ्याने काम झालं असतं. तेवढंच पुरे होतं. त्याच्यावर काही रचायची गरजच नव्हती."

हे तो रागावून बोलला असता तर ती भांडली असती. पण त्याचा आवाज नुसता थकलेला होता. ती त्याच्या पायांशी पलंगावर बसली. त्याचे पाय सुजले होते. तिने ते मांडीवर घेतले, आणि या माणसाला आपणच मॅनेजरच्या दारात उभं केलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जिन्यात पावलं वाजली. दोन पायऱ्या, थांबणं. दोन पायऱ्या, थांबणं.

"कुणीतरी आलंय," भाऊ म्हणाला. "मी सांगू?"

"तू बोलू नकोस. तू पडून राहा."

"पडता येत नाही मला."

तिने त्याचे पाय उशीवर ठेवले आणि दार उघडलं. भुकटीतला एक जण होता, भावाच्याच पाळीतला. एका हाताने त्याने चौकट धरली होती, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. तिला बघून त्याचा चेहरा फुलला. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही, नुसती शिट्टीसारखी हवा. त्याने पिशवीवाला हात वर केला. थांबा, एक मिनिट, विचारतो.

काय सांगायचं ते तिने जुळवून ठेवलं होतं, अगदी थोडक्यात, एका दमात. पण त्याचा श्वास जाग्यावर येईना. त्याला श्वास नसताना तिला ते सांगवेना. म्हणून ती दारातच उभी राहिली, त्याच्या छातीकडे बघत.