मामांचं शेवटचं बटण

आमच्या मामांइतका सविस्तर माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. नुसता निरोप देणं त्यांना जमतच नाही. गेवराईहून साधा बल्ब आणायचा तरी हातात चिठ्ठी: नऊ वॅटचा, नसला तर बाराचा, तोही नसला तर दुकानदाराशी वाद न घालता परत ये, येताना एसटीत डावीकडं बसू नकोस, ऊन लागतं. माझ्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला एवढ्या लेखी सूचना दिल्या, की पंगत बसली तरी तो बिचारा कागदच वाचत उभा, आणि पाव्हण्यांनी मीठ-लिंबाकडं बघत वेळ काढला. मी चिडलो. मामा शांत. "ऐन वेळेला त्यानं इचारलं, कुणाला काय वाढू, तर तू सापडणार हायस का?" मी नवरदेव होतो, बोहल्यावरून कुठं जाणार होतो? पण मामांना असलं विचारायची सोय नसते.

मामा तलवाड्याला राहतात. जन्मभर शाळेची प्रयोगशाळा सांभाळली, निवृत्तीनंतर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि साठीच्या पुढं व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकले. त्यांच्या वयाची माणसं गुडघ्यांबद्दल बोलतात, मामा बटणांबद्दल. "पडद्यावरचं बटण लई भोळं असतंय बघ. दाबलं की एवढंच वरडतं, 'मला दाबलं!' मग आपण नेमून ठेवलेलं फंक्शन, म्हंजी त्या कामाचा प्रोग्राम, पळत येतं. पण कुणासाठी पळायचं, संगं काय घ्यायचं, ते त्याला कोण सांगणार? ते आपुनच आधी बांधून द्यावं लागतंय." हे त्यांनी मला समजावलं, न्हाव्याला समजावलं, नेकनूरहून आलेल्या व्याह्यांना समजावलं, आणि दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात कापूस असताना डॉक्टरांनाही समजावलं. डॉक्टरांनी मान डोलावली म्हणून मामांना ते डॉक्टर फार हुशार वाटतात.

समजावायचा राहिला तो एकच माणूस, त्यांचा मुलगा बाळू. बाळू पुण्यात हेच काम नोकरी म्हणून करतो. गेल्या दिवाळीत मामांनी मोठ्या हौसेनं त्याला आपला प्रोग्राम दाखवला. बाळूनं दोन मिनिटं पाहिलं आणि हसला. "बाबा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" एवढंच म्हणाला तो. मामांनी कॉम्प्युटर बंद केला, वर फडकं घातलं, आणि त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं थांबलं. बाळूचा फोन आला की मामी घ्यायच्या, मामा शेजारी पेपर धरून बसायचे आणि मामींनी बघितलं की म्हणायचे, "मी कुठं ऐकायलो?" मला त्या दोघांचाही राग यायचा, आणि मामींकडं बघवायचं नाही.

दिवाळीनंतर गावातली तरणी माणसं ऊसतोडीला गेली. गुरांपाशी म्हातारी राहिली. त्यांच्याजवळ मोबाइल होते, पण नंबर लावता येत नव्हते. मामांनी फडकं काढलं. बीडहून बोटानं दाबायचा एक जुना पडदा आणला, त्याला मोबाइल जोडला आणि पडद्यावर सतरा म्हाताऱ्यांचे फोटो मांडले. ज्यानं त्यानं आपला फोटो दाबायचा, की मोबाइल त्याच्या मुलाला फोन लावणार. सगळ्यांत शेवटी अठरावा फोटो खुद्द मामांचा होता. "टेस्टिंगला हाय," मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले. त्याखाली नंबर बाळूचा होता.

पहिल्या दिवशी सकाळी मी दुकानात होतो. सरूआजींनी पदरानं बोट पुसून आपला फोटो दाबला. पलीकडून स्पीकरवर आवाज आला तशा त्या ओरडल्या, "लक्ष्मणा, जेवलास का रं?"

"आजी, मी बाळू बोलतोय."

"बाळू? तू कावून ऊस तोडायलास?"

मग दगडूआबांनी आपला फोटो दाबला आणि बैल खात न्हाई म्हणून सांगितलं. तेही बाळूनंच ऐकलं, आणि सोड्याचं पाणी पाजा म्हणाला. तिसरा फोन गेला तेव्हा तो हळूच म्हणाला, "बाबा आहेत का तिथं?"

मामांनी जोरजोरात हात हलवला. दगडूआबा प्रामाणिक माणूस. "हायत की! न्हाई म्हण म्हणून हात हलवायलेत."

बाळू हसला नाही. "आबा, आईनं त्या पडद्याचं सांगितलंय मला. बाबांचं बटण शेवटी आहे ना? त्यांना सांगा, सगळी बटणं एकाच पाटीवरचा नंबर वाचताहेत. त्यांनी एकेक नंबर लिहिला, पुसला, दुसरा लिहिला. शेवटचा माझा राहिला. बटण बनवतानाच त्याचा नंबर त्याच्यापाशी द्यायचा."

जन्मभर ज्यानं ज्याच्या त्याच्या हातात वेगळी चिठ्ठी दिली, त्या माणसानं सतरा जणांना एका पाटीवर सोडलं होतं. मामांचा चेहरा उतरला. "त्याला सांग, मला म्हाईत हाय," ते मला म्हणाले, आणि फोन ठेवल्याबरोबर दुरुस्तीला बसले.

दुपारपर्यंत लक्ष्मण सापडला, आबांचा मुलगाही सापडला. सगळं सुरळीत झालं आणि बाळूचा आवाज दुकानातून गेला.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो, तर मामा पडद्यासमोर बसलेले, बोट आपल्याच फोटोजवळ. बटण बरोबर होतं, नंबर बरोबर होता.

"दाबा की मामा."

"दाबतो रे. पण फोन उचलल्यावर काय बोलायचं, ते कुठं ठरवलंय मी?" आयुष्यात पहिल्यांदा मामांपाशी चिठ्ठी नव्हती. माझा राग त्या क्षणी पार विरघळला.

सरूआजी बाकावर आपल्या पाळीची वाट बघत होत्या. "जेवलास का, एवढं इचारायचं," त्या म्हणाल्या. "आमी तेवढंच इचारतो."

मामांनी दाबलं. घंटी दोनदा वाजली.

"जेवलास का?" मामांनी विचारलं. पुढं मागं एकही सूचना नाही.

पलीकडून बाळू म्हणाला, "नाही अजून. तुम्ही?"