शेवटच्या चार आकड्यांचे भावोजी

आमचे भावोजी पार्सल कंपनीत डेटाबेस सांभाळतात. म्हणजे नक्की काय करतात, हे ताईला अजून सांगता येत नाही. मी त्यांच्याकडेच राहते, त्यामुळे मला ते रोज जेवताना ऐकावंच लागतं. पार्सलांचं त्यांचं टेबल म्हणे कोट्यवधी ओळींचं आहे. हे टेबल चार पायांचं नव्हे, हे त्यांनी माझ्या आईला कितीदा तरी समजावलंय. आई तरी विचारतेच, "मग एवढं मोठं ठेवलंय कुठे?"

मध्यंतरी हे टेबल रुसलं. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन फोन नंबरचे शेवटचे चार आकडे सांगायचं, काउंटरवरच्या बाई ते टाकायच्या आणि पडद्यावर नुसती चक्री फिरत राहायची. बाईंचा चहा पिऊन व्हायचा, कप विसळून व्हायचा, पार्सल काही सापडायचं नाही. शेवटी साहेबांनी भावोजींना बोलावलं. "सोमवारपर्यंत हे पळालं पाहिजे. नाहीतर गोदामात जाऊन लेबलं चिकटवा."

भावोजींची पाचावर धारण बसली. त्यांनी दिसेल त्या रकान्याला इंडेक्स लावला. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, सगळी पानं चाळावी लागू नयेत म्हणून. नाव, पत्ता, वजन, अहो, खोक्याचा रंगसुद्धा सोडला नाही! झालं असं, की नवं पार्सल आलं की या प्रत्येक सूचीत त्याची नोंद करणं आलं. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. आणि शोधणं? ते होतं तिथेच.

"भावोजी, फोन नंबरला नाही का लावला इंडेक्स?" मी उगाच शहाणपणा केला.

"लावलाय गं! पण ती सूची पहिल्या आकड्यापासून लागते आणि लोक सांगतात शेवटचे. मग मशीन बिचारं पहिल्या ओळीपासून सगळंच वाचत सुटतं."

मला त्यांची खरंच दया आली. पण रविवारी त्यांनी विचारांच्या तंद्रीत नळ उघडा ठेवला, स्वयंपाकघरात घोटाभर पाणी साचलं आणि ताईच्या तोंडाचा पट्टा सुटला. ताईच्या भांडणाला शिस्त असते. ती ताज्या गुन्ह्यापासून सुरू करून मागे मागे जाते आणि कुठेही अडखळत नाही. "आज नळ! काल गॅस! परवा किल्ली आत ठेवून दार ओढलंत! त्याआधी माझ्या आईला स्टेशनवर विसरून आलात!"

"उलटं!" भावोजी पाण्यातच ओरडले. "नंबर उलटा लिहून ठेवायचा! शेवटचे आकडे पहिले येतील!" आणि तसेच ओल्या पायांनी ऑफिसला पळाले. नळ मीच बंद केला.

त्यांनी उलट्या नंबरांचा एक वेगळा रकाना केला, त्याला इंडेक्स लावला आणि बाकीचा फापटपसारा काढून टाकला. सोमवारी बाईंनी बटणावरून बोट उचलायच्या आत पार्सल पडद्यावर हजर! साहेब इतके खूश झाले की त्यांनी घरच्यांना बोलावून छोटासा सत्कार ठेवला.

"हे सुचलं कसं?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"श्रेय हिचं," भावोजी म्हणाले. ताई लाजून लाल झाली.

"वा! वहिनी, तुम्ही नेमकं काय केलंत?"

ताईने मोठ्या अभिमानाने नवऱ्याकडे बघितलं. भावोजींना खोटं बोलता येत नाही. "ही भांडताना शेवटापासून सुरू करते," ते म्हणाले.

हॉलभर हशा पिकला. साहेब तर डोळे पुसत होते. मी मनात म्हटलं, आता भावोजींचं काही खरं नाही. ताई उठली आणि साहेबांकडे वळली.

"गेल्या आठवड्यात यांना गोदामाची धमकी दिलीत. त्याच्या आदल्या महिन्यात यांची रजा रद्द केलीत. त्याआधी यांना ताप असताना कामावर बोलावलंत. त्याआधी बढती पुढे ढकललीत. त्याच्याही आधी, आमच्या लग्नाच्या दिवशी..."

"रजा मंजूर!" साहेब घाईघाईने म्हणाले. "बढतीसुद्धा."

ताई खाली बसली. भावोजींनी सगळ्यांदेखत तिचा हात हातात घेतला आणि सत्कार संपेपर्यंत सोडला नाही.