पन्नासपैकी एकवीस

आमच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या सरांइतका खरं शिकवणारा, आणि त्या खऱ्याचा कुणालाही उपयोग होऊ न देणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा सापडणार नाही. एमबीएच्या पोरांना ते फायनान्स शिकवतात. म्हणजे कॉलेजात शिकवतातच, शिवाय जिन्यात शिकवतात, भाजीवालीला शिकवतात. दात काढून घेताना भूल चढेपर्यंतच्या वेळात त्यांनी डॉक्टरांना शिकवलेलं मी स्वतः बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं आहे. पैसा कुठून आणावा, कुठे घालावा आणि कधी काढून घ्यावा, एवढाच विषय. अकरा वर्षं मी तो फुकट शिकतो आहे.

'गेलेला पैसा निर्णयात धरायचा नाही' हा त्यांचा पहिला धडा. एकदा वहिनींना घेऊन सिनेमाला गेले आणि मध्यंतरालाच उठले. वहिनी म्हणाल्या, "अहो, तिकिटाचे पैसे?" सर म्हणाले, "ते बसलो तरी गेले, उठलो तरी गेले. दीड तास तेवढा अजून आपल्या हातात आहे." वहिनी हलल्या नाहीत. सिनेमा पुरा बघून रिक्षाने घरी आल्या, तर सर दारातच उभे, किल्ली वहिनींच्या पर्समध्ये. रिक्षाचे पैसे मात्र त्यांना झोंबले, कारण तो खर्च टाळता येण्यासारखा होता. जोखीम विभागावी म्हणून मुलीच्या बारावीचा नवस त्यांनी अर्धा अंबाबाईला आणि अर्धा जोतिबाला बोलला. मुलगी पास झाली, आणि श्रेय कुणाचं किती यावरून पेढ्यांची वाटणी तीन दिवस अडून राहिली.

माझा थोरला भाऊ, दादा, तळमजल्यावर राहतो. त्याचं आणि सरांचं फार जमायचं. "उद्या मिळणाऱ्या रुपयाचं मोल आज कमी असतं," हे सरांनी त्याला समजावलं ते रविवारच्या मटणावरून. पुढच्या रविवारचा तांबडा रस्सा म्हणजे आजचा वाटीभर पांढरा, असं काहीसं गणित होतं. दादा मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हंजे आज वाटीभर पांढरा प्यायचा आन् रविवारी तांबडा बी वरपायचा. दोन्ही करायचं की सर, अडवलंय कुणी?" सर इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गात सांगितलं.

आम्हा भावांचं उद्यमनगरात वर्कशॉप होतं. चार लेथ, सहा माणसं, पंपाचे सुटे भाग. लेथवर दादा आणि टेबलावर मी, अशी तीस वर्षं गेली. सरांच्या पोरांना दर वर्षी एखाद्या खऱ्या धंद्याचं मोल काढून आणावं लागे. धंदा पुढे किती कमावेल, त्या कमाईची आजची किंमत किती, आणि ती जागेच्या भावापेक्षा जास्त की कमी, हे बघायचं. त्या वर्षी सरांनी पोरं आमच्याकडे पाठवली. दादाने त्यांना मिसळ खायला घातली, लेथ चालवून दाखवला. पोरांनी हिशेब मागितला. आदल्या वर्षीच्या पुरात नाल्याचं पाणी वर्कशॉपात कमरेएवढं चढलं होतं, त्यात जुने कागद गेले होते. कपाटात धड अशी एकच वही होती, पुराच्या वर्षाची. ती मी पोरांना काढून दिली.

त्या वहीत धंदा रडत होता, आणि तो मीच रडवला होता. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यासाठी बंद राहिलेले दोन महिने मी चार केले होते, बुडालेला माल दुप्पट दाखवला होता. गल्लीत सगळ्यांनीच तसं केलं होतं. पोरांनी तेच वर्ष पुढची दहा वर्षं पुन्हा पुन्हा येणार असं धरलं. दहा वर्षं पूर! निष्कर्ष निघाला, की धंदा बंद करून जागा विकण्यातच शहाणपण आहे. रंगीत आलेख, स्पायरल बाइंडिंग, वर सरांचं नाव. एक प्रत पोरांनी दादाला आणून दिली.

जागेला बिल्डरचं मागणं होतंच. दादाने सरांना जिन्यात गाठलं. मी मागेच होतो. "सर, पोरांनी बराबर काढलंय न्हवं?" सरांनी अहवाल उघडूनही पाहिला नव्हता, पण सर ताठ झाले आणि म्हणाले, "माझे विद्यार्थी आहेत ते." जो माणूस कोथिंबिरीच्या भावावर पाऊण तास बोलतो, तो त्या दिवशी चार शब्द बोलून वर निघून गेला. महिन्याने आम्ही सह्या केल्या. लेथ भंगाराच्या भावाने गेले. दादा साठीचा, धट्टाकट्टा माणूस. सकाळी आठाला आंघोळ करून तयार व्हायचा आणि मग दारातल्या खुर्चीत बसायचा.

तीन वर्षांनी, म्हणजे याच उन्हाळ्यात, सरांनी रद्दी काढली. गठ्ठा खाली आणताना माझ्या हाती तो अहवाल आला, सरांकडची प्रत. आत लाल शाई. 'पुराचे वर्ष अपवाद आहे. ते धरून भविष्य काढता येत नाही. निष्कर्ष पूर्ण चूक. पन्नासपैकी एकवीस.' खाली तारीख होती. आमच्या सह्यांच्या आधी तीन आठवड्यांची.

मी तसाच वर गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. सर खुर्चीत बसून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, धंद्याची आतली माहिती मालकाला बाहेरच्यापेक्षा जास्तच असणार. आम्ही तसंच शिकवतो." मला त्यांचा गळा धरावासा वाटला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच! तेवीस वर्षांच्या पोरांचे एकोणतीस मार्क कापता येतात, आणि दोन जिने उतरून एका माणसाला "थांबा" म्हणता येत नाही?

पण आतली माहिती खरंच एका मालकाला होती. ती वही माझ्या अक्षरातली होती. जिन्यात दादाच्या मागे उभा राहून "दादा, ते आकडे फुगवलेले आहेत," एवढंच मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही, कारण मला पुण्यात फ्लॅट हवा होता, भाड्याने द्यायला. सरांवर ओरडताना हे मी सांगितलं नाही. कुंपणाने शेत खाल्लं आणि वर बुजगावण्याला शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर अहवाल घेऊन खाली गेले. मी माझ्या मजल्यावर, जिन्याच्या कठड्याशी उभा होतो. सरांनी दादाला सगळं सांगितलं, लाल शाई दाखवली, हात जोडले. दादा म्हणाला, "बसा सर. ती वही खोटी हाय हे मला ठावं हुतं की. मीच धाकट्याला फुगवून लिवाय सांगितलंतं." त्याने मला तसं कधीच सांगितलं नव्हतं.

"मग विकलंत कशाला?"

"धाकट्याला पुण्यात फ्लॅट पायजे हुता. वाटणी द्या म्हणायला त्याला जड जात हुतं. तेवढ्यात तुमच्या पोरांचं पुस्तक आलं. म्हटलं, बरं झालं. आता त्याला मागायला नगं आन् मला इचारायला नगं."

मग सर जिना चढून आले. मी कठड्याशीच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मला काही न शिकवता वर निघून गेले.

हल्ली संध्याकाळी ते दोघे रंकाळ्यावर फिरायला जातात. सर हातवारे करत काहीतरी समजावत असतात, दादा हसतो. मी रोज तयार होतो, चपला घालतो. आज दादाशी बोलायचंच, असं ठरवतो. गॅलरीत उभा राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघतो, आणि चपला काढून ठेवतो.