काळा डबा, पांढरा डबा आणि विन्याचं लग्न

ज्या दुकानात माल कमी आणि बसणारे जास्त, तिथं किस्से साचतात. आमच्या दुकानातला माल म्हणजे दोन टीव्ही, त्यांना जोडायचे दोन गेमचे डबे आणि एक कूलर, जो फक्त थंडीत नीट चालतो. बाकी सगळं बसणाऱ्यांचं. कोणी एसटीची वाट बघत बसतो, कोणी बाजारात गेलेल्या बायकोची, आणि जाताना काहीतरी बोलून जातो. ते आपल्या डोक्यात राहून जातं. चार मित्र जमले की म्हणतात, सांग ना बे. आता सांगतोच. फक्त मध्ये बोलू नका, माझं डोकं फिरतं.

दुकान धाड गावात, स्टँडजवळ. भागीदार दोघं: मी आणि विनोद, म्हणजे विन्या. मी चिडका, तो हट्टी. माझं लग्न दुकान काढायच्या आधी झालं, म्हणून वाचलो. विन्याचं राहिलं. तिशी ओलांडली तरी राहिलं, आणि त्याला कारण दुकानच. आमच्याकडं 'व्हिडिओ गेम' अशी पाटी दिसली की मोठ्या माणसांना जुगाराचा अड्डा दिसतो. मुलीकडचे विचारतात, "पोरगा काय करते?" विन्याकडचे म्हणतात, "गेमचं दुकान हाय." समोरचा माणूस कपातला चहा तसाच ठेवून चप्पल शोधायला लागतो.

विन्या वरून हसायचा. पण प्रत्येक नकारानंतर तो दिवसभर टीव्हीच्या काचा पुसत बसायचा, ते मला दिसायचं.

*

या सगळ्यावर विन्याच्या आईनं, म्हणजे आमच्या मावशीनं, स्वतःच एक उपाय काढला. एका स्थळाला तिनं सांगून टाकलं, "पोराचं टीव्हीचं दुकान हाय." आम्हाला पत्ता नाही.

आठवड्यानं दुकानासमोर जीप थांबली. मुलीचे काका उतरले, मागून दोघांनी मिळून एक जुना, पाठीवर कुबड असलेला टीव्ही उतरवला आणि थेट आमच्या टेबलावर ठेवला. काका म्हणाले, "चित्र नाचून राह्यलं. जरा पाहून घ्या."

विन्याला वाटलं गिऱ्हाईक चुकलंय. तो म्हणाला, "काका, मले यातलं काही समजत नाही."

काकांनी दुकानातले दोन्ही टीव्ही पाहिले, विन्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि टीव्ही पुन्हा जीपमध्ये चढवला. निरोप आला तो मावशीलाच: "पोरगा चांगला हाय, पन त्याले त्याचंच काम येत नाही."

*

मंडळीतला तिसरा माणूस म्हणजे दिगंबर गुरुजी. साठी उलटलेले, पंचक्रोशीत पूजा सांगतात, आणि फुटबॉलच्या गेमचं भयंकर वेड. धोतर गुडघ्यावर घेऊन खुर्चीत मांडी घालतात आणि रिमोट असा धरतात की जणू पळी-पंचपात्र आहे. कंट्रोलरला आमच्याकडं सगळे रिमोटच म्हणतात, मीही सुधारायचं सोडून दिलंय.

दसऱ्याला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. शेतकरी ट्रॅक्टर पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, मग आम्ही डबे पुजले तर काय बिघडलं? गुरुजींनी दोन्ही डबे पाटावर बसवले. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजा एकदम साग्रसंगीत झाली. शेवटी मंत्र म्हणत अक्षता टाकल्या. काळ्या डब्याची सीडी घालायची फट वर तोंड करून होती, हे तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी डबा सुरू केला तर आतून जात्यासारखी घरघर. मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी म्हणाले, "देवानं स्वीकार केला." मी काय बोललो ते इथं सांगत नाही, गुरुजींचा मान ठेवायचा आहे.

डबा बुलढाण्याला दुरुस्तीला नेला. कारागिरानं झाकण उघडलं, ब्रशनं आतला पिवळा-लाल तांदूळ कागदावर काढला, बराच वेळ त्याकडं पाहिलं आणि विचारलं, "याच्यात लगन लागलं काय?"

विन्या म्हणाला, "हाव. माह्याआधी याचं लागलं."

*

आता जरा माझं मत ऐका. या गेमच्या कंपन्यांनी आम्हाला येडं समजलंय. आम्ही लहान असताना काळी कॅसेट असायची. ती काढायची, तोंडानं फुंकायची, खोचायची, गेम सुरू. फुंकून काय होतं कोणाला माहीत, पण व्हायचं. आता नवीकोरी सीडी आणा, डब्यात घाला, तर डबा म्हणतो थांबा, खरा गेम इंटरनेटवरून येऊन राह्यला. मग सीडीत काय भरलं होतं? गार हवा? तो गेम उतरायला लागला की लाईट जाते, लाईट आली की नेट जातं.

गुरुजींना मी हे तावातावानं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मुहूर्तावर नवरदेव हजर, आणि नवरी मागच्या गाडीनं येतेय."

वरून खेळाडूंचे कपडे वेगळे विकतात. गेम विकत घ्यायचा, आणि आतल्या माणसाला शर्ट पुन्हा विकत घ्यायचा. हे ऐकून गुरुजींनी गंभीरपणे विचारलं, "धोतर आहे का त्यांच्याकडं?"

आणि एक. आमच्या दुकानात दोन तट आहेत. एका कंपनीचा डबा काळा, दुसरीचा पांढरा. मी काळ्याचा, विन्या पांढऱ्याचा. यावरून आम्ही एकदा दोन दिवस एकमेकांशी बोललो नव्हतो, दुकान मात्र दोघं मिळून उघडत होतो. शेवटी गुरुजींना पंच केलं. ते दोन्हींवर एकेक मॅच खेळले आणि उठून म्हणाले, "फरक काही नाही. दोन्हीत मी हरतो."

*

गुरुजींचा आणखी एक सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

एका यजमानाकडं सत्यनारायण होता. गुरुजींची गाडी बंद पडली, म्हणून ठरलं की सुरुवात फोनवरून करायची, तोवर कोणीतरी न्यायला येईल. गाडी बंद पडली होती ती आमच्या दुकानासमोर. आता दुकानासमोर गाडी बंद पडल्यावर माणूस कुठं बसणार?

फोन स्पीकरवर, रिमोट हातात. गुरुजींनी संकल्प सुरू केला. "उजव्या हातात पाणी घ्या. नाव-गोत्र म्हणा. मी सांगेपर्यंत पाणी सोडू नका." तेवढ्यात विन्यानं त्यांच्या बचावातून बॉल काढला. गुरुजींनी फोन उताणा होता तो पालथा केला. मॅच बरोबरीत सुटली, जादा वेळ झाला, मग पेनल्टी झाल्या. गुरुजी हरले आणि रेफरीच्या नावानं काहीतरी संस्कृतात बोलले.

मॅचचा आवाज थांबल्यावर पालथ्या फोनमधून बारीक आवाज आला, "गुरुजी, सोडू काय पानी? हात कापून राह्यला."

गुरुजी जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "सोडा. धरवलं ना एवढा वेळ? आता पूजा पक्की झाली."

*

तर विन्याचं लग्न. हे स्थळ गुरुजींनीच आणलं. मुलगी शुभांगी, धामणगाव बढ्याची, मोताळ्याला शाळेत शिकवायची. वडील नारायणराव, घरची शेती, दारात ट्रॅक्टर. गुरुजींनी या वेळी काही लपवलं नाही, गेमचं दुकान म्हणजे गेमचं दुकान सांगितलं. मुलगी आणि विन्या फोनवर एकदा बोलले. तिनं विचारलं, "तुमच्या दुकानात पोरी येतात काय खेळाले?" विन्या म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "काऊन नाही?"

त्या 'का नाही'च्या दिवसापासून विन्या बदलला. दुकानाबाहेरचा गुटखा खाणारा घोळका त्यानं स्वतः हाकलला, भिंतीला रंग दिला. मला म्हणाला, "इथं झालं नाही ना, तं मी पुन्हा कुठं पाहाले जानार नाही." चेष्टेत बोलला असता तर मी हसलो असतो.

बाजाराच्या दिवशी नारायणराव एकटेच आले. हातात पिशवी, डोक्यावर टोपी. मला राम राम करून म्हणाले, "मी धामणगाव बढ्याचा. पोराची चौकशी कराले आलो. म्हनलं, लोकायले विचारण्यापरीस दुकानच पाहाव." आणि खुर्चीत बसले. गुरुजी आधीच बसलेले होते, त्यांनी घाईनं रिमोट शालीखाली घातला.

नारायणरावांनी सगळं पाहिलं. मग भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवलं. "हा ट्रॅक्टर काहाचा?"

"शर्यतीचा गेम हाय, काका," विन्या म्हणाला. "दोघांनी खेळायचा."

"लावा."

विन्या गेम लावत होता तेव्हा गुरुजी त्याच्या कानात म्हणाले, "हर. सासऱ्याला जिंकू दे." मीही पायानं ढोसलं. विन्या आयुष्यात कोणाशी मुद्दाम हरला नव्हता, पण त्या दिवशी ऐकलं. नारायणराव पहिल्यांदा कुंपणात घुसले, मग नाल्यात, पण हळूहळू हात बसला. शेवटच्या वळणावर विन्या पुढं होता. त्यानं ट्रॅक्टर तिथंच उभा केला. नारायणराव शेजारून गेले आणि जिंकले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

नारायणरावांनी टाळ्या संपू दिल्या. "तुमचा ट्रॅक्टर बंद काऊन पडला?"

"डिझेल सरलं, काका."

"त्या कोपऱ्यात काटा दिसून राह्यला. अजून अर्धी टाकी हाय."

गुरुजी छताकडं पाहू लागले. नारायणराव रिमोट मांडीवर ठेवून म्हणाले, "मले जिंकवून तुमाले पोरगी भेटन, असं वाटलं काय? उद्या तिच्यासंगंबी असंच खोटं बोलसान."

विन्याचं तोंड उतरलं. मला वाटलं आता पाया पडतो. पण हट्टी माणूस तो हट्टीच. म्हणाला, "चुकलं, काका. मंग बसा पुन्हा. आता खरं खेळतो."

आणि खरं खेळला. मेल्यानं सासऱ्याला असा हरवला, असा हरवला, की मला बघवेना. पहिल्या डावात हरवला, दुसऱ्यात हरवला. नारायणराव म्हणायचे "अजून एक", हा अजून एक हरवायचा. पुढं-पुढं त्यांची टोपी काढून झाली, शर्टाच्या बाह्या वर गेल्या, बाहेर बाजार उठायला लागला. मी खुणा केल्या, खोकलो, एकदा तर प्लगकडं हात नेला. गुरुजींनी मला अडवलं. शेवटी नारायणराव उठले, टोपी घातली, पिशवी घेतली आणि राम राम न करताच स्टँडवरच्या जीपमध्ये जाऊन बसले.

विन्या टीव्हीच्या काचा पुसत बसला. मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "खोटं पकडलं त्यायनं. मंग खरं दाखवलं. आता नाही तं नाही."

कितीतरी दिवस काही निरोप नाही. गुरुजींनी फोन केला तर नारायणराव "वावरात आहो" म्हणून ठेवून द्यायचे. विन्यानं शेव्हिंग सोडलं. मावशीनं दुकान विकायचं बोलणं काढलं, आणि खरं सांगतो, मीही मनातून तयार झालो होतो. भागीदारी काय, दुसऱ्या कशाचीही करता येते.

मग एक दिवस गुरुजी घामाघूम होऊन आले. "बैठकीला बोलावलंय. सगळ्या भावकीसमोर. आणि येताना तो डबा घेऊन या म्हणतात."

डबा कशाला? मी म्हणालो, "पंचांसमोर ठेवून अपमान करणार. पोरगा काय धंदे करतो ते दाखवणार." मावशी रडायला लागली. विन्यानं मात्र दाढी केली, पांढरा डबा चादरीत गुंडाळला आणि धामणगाव बढ्यापर्यंत जीपमध्ये मांडीवर घेऊन बसला.

सतरंजीवर सगळे बसले. पोहे झाले, चहा झाला. शुभांगी दारात उभी होती आणि ओठ दाबून हसत होती, ते का, ते मला तेव्हा कळलं नाही. शुभांगीच्या मोठ्या काकांनी रीतीप्रमाणं विचारलं, "मुलीकडून काही बोलायचं असन तं आताच बोला."

नारायणराव उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात नवाकोरा रिमोट होता, वरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. त्यांनी तो चादरीतल्या डब्यावर ठेवला, भावकीकडं एकदा पाहिलं आणि विन्याला म्हणाले,

"मी त्या दिवशी हरलो नव्हतो, जावईबुवा. तुमच्या रिमोटचं बटन अटकत होतं."