डब्यातला वारा

त्या वर्षी आम्ही मायलेकी जवळजवळ दर रविवारी धरणावर जात होतो. दिग्रसहून ऑटोनं अर्धा-पाऊण तास लागतो. सागाच्या टेकड्यांमध्ये पाणी अडवलंय आणि पाण्याच्या कडेनं बाग केलीय. झोके आहेत, पायडलच्या होड्या आहेत, फरशीची लांब वाट आहे, आणि एका टेकडीवर दगडी पायऱ्या चढून गेलं की खांबांवर उभारलेली छोटी छत्री आहे. तिथून सगळं पाणी दिसतं. धुकं विरळ होत असताना पलीकडच्या काठावर कुणी बैलाला हाक दिली की आधी बैलाची मान वळलेली दिसायची आणि हाक मागाहून ऐकू यायची. ते पाहताना मला नेहमी वाटायचं, की आपण अजून नीट जागे झालेलो नाही.

आम्ही मजा म्हणून जात नव्हतो. श्रावणात माझी आई, म्हणजे आमच्या बोलीत याडी, तांड्यावरच्या विहिरीपाशी शेवाळावर घसरली. मांडीच्या हाडात पट्टी बसवावी लागली. दवाखान्यातून मी तिला दिग्रसला माझ्या दोन खोल्यांत आणलं. डॉक्टर म्हणाले, रोज सपाट जागेवर चालवा, काठी हळूहळू सुटली पाहिजे. उन्हाळ्यापर्यंत चाल सरळ झाली तर झाली, नाहीतर चालताना जाणारा हा झोक कायमचा राहील.

याडीनं तिथंच सांगून टाकलं, "पाय सरळ झाला की मी तांड्यावर जातो." आमचं घर तांड्याच्या वरच्या टोकाला आहे. शेवटचा चढ नुसत्या दगडांचा, तिथं सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते. तो चढ कुणाचा हात न धरता चढता आला पाहिजे, एवढीच तिची अट. माझं मन मात्र दोन्हीकडं होतं. तिचा पाय बरा व्हावा म्हणून मी धडपडत होते, आणि ती जाऊ नये असंही वाटत होतं. मी शिकवते त्या शाळेतून घरी आल्यावर चुलीपाशी कुणीतरी बसलेलं असणं मी दहाव्या वर्षानंतर पहिल्यांदाच अनुभवत होते, जरी ती चूल आता गॅसची होती.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आश्विनातला शेवटचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. फाटकावर पाटी होती. याडीला वाचता येत नाही, म्हणून तिनं विचारलं, काय लिहिलंय. मी वाचलं, "बाराही महिने खुले."

"बाराही महिने लोक इथं येते?"

"येतात ना. फिरायला."

"कापूस वेचणीच्या दिवसातही?"

मी हसले. तिनं मात्र खरंच विचारलं होतं. मी तिला फरशीच्या वाटेवर उभं केलं आणि म्हणाले, "चल आता." घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोलीच बोलतो, पण या गोष्टीत मी तिचं बोलणं ती बाजारात बोलते तशा वऱ्हाडीत लिहिते.

"कुठं जायचं हाय?"

"कुठंच नाही. त्या झाडापर्यंत जायचं आणि परत यायचं."

"त्या झाडापाशी काय हाय?"

"काही नाही."

"मंग जायचं कायले?"

आणि ती बाकावर बसली. आमच्या लोकांच्या कितीतरी पिढ्या बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर चालल्या. पण कुणी नुसतं चाललं असेल असं मला वाटत नाही. तांड्यात 'ती बाई रिकामी फिरते' हे वाक्य शिवीसारखं वापरतात. ऑटोवाला आमच्या गल्लीतलाच, तोंडाचा फटकळ. तो फाटकापाशी बिडी ओढत होता. तिला बसलेलं पाहून म्हणाला, "काहून माय, लेकीनं टेकडी दाखवाले आणलं, तू तर रिकामटेकडी होऊन बसली."

"तू काय करून राह्यला रे मोठा? धूर मोजून राह्यला?" याडी म्हणाली.

थंडी पडली. सागाची मोठी पानं गळू लागली. पान पडताना इतका वेळ घ्यायचं, की मध्येच कुठं उतरायचं ते ठरवत असावं असं वाटे. पाण्यावर परदेशी बदकं आली. माझ्या आग्रहाखातर याडी चालायची, पण चालणं म्हणजे वीस पावलं, पुन्हा थांबणं. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, नजर सारखी स्वतःच्या पायांवर. तरी ती डावीकडं कलायची. फरशीची वाट सोडून दोनदा गवतात गेली. मी मनात महिने मोजायचे.

पौषातला एक रविवार. तिला बाकावर बसवून मी चहा आणायला गेले. शेजारी आमचा जेवणाचा डबा फडक्यात बांधलेला होता. टपरीवर गर्दी होती, वेळ लागला. परत आले तर बाकावर फक्त काठी. मी चहा बाकावर ठेवून इकडंतिकडं पाहिलं. मग पाण्याच्या कडेनं, लांब, मला एक बाई चालताना दिसली. धुक्यामुळं तिची पावलं दिसत नव्हती. डोक्यावर काहीतरी होतं, हात मोकळे होते, आणि ती पाण्यावरून एखादी होडी जावी तशी सरळ, एकसारखी पुढं जात होती. ती याडी आहे हे मला ओळखू यायला थोडा वेळ लागला.

ती वळून आली तेव्हा पाहिलं, ओढणीची चुंबळ करून तिनं डबा डोक्यावर घेतला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी आधी आजूबाजूला पाहिलं. झोक्यांपाशी माझ्या शाळेतल्या दोन मुली आईवडिलांबरोबर आल्या होत्या. मी हळूच म्हणाले, "याडी, खाली ठेव तो. लोक बघतायत. आणि डॉक्टरांनी ओझं घ्यायचं नाही सांगितलंय."

तिनं डबा उतरवला. पुढचं पाऊल टाकलं आणि ती डावीकडं झुकली. मी धरलं म्हणून बरं. तिला बाकावर बसवलं आणि मीही बसले. पाचवीत मला आश्रमशाळेत घातलं तेव्हा माझी लोखंडी पेटी याच डोक्यावर तांड्याच्या फाट्यापर्यंत आली होती. मी मागून रडत चालले होते आणि तिनं एकदाही हात वर नेऊन पेटीला आधार दिला नव्हता. आमच्या तांड्यातली मी पहिली बी.ए. आणि मला एका डब्याची लाज वाटली. मी तिला तसं सांगितलं.

"लाजाले काय झालं," ती म्हणाली. "तू मास्तरीण हायेस. पण डोक्यावर काही नसलं तं मले मान कुठं ठेवावी समजतच नाही."

त्या आठवड्यात मी तिला डॉक्टरांकडं नेलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी तिला दवाखान्याच्या ओसरीत उभं केलं, एक्स-रेचं मोठं पाकीट तिच्या चुंबळीवर ठेवलं आणि म्हणाले, "जा मावशी, औषधाच्या खिडकीपर्यंत." याडी गेली आणि आली. पाकीट हललं नाही. डॉक्टरांनी पाकीट उतरवून घेतलं. मग मला म्हणाले, "मान सरळ राहते म्हणून नजर समोर राहते, आणि म्हणून पाऊल सरळ पडतं. वजन नको, एवढंच. रिकामा डबा द्या."

माघ-फाल्गुनात आम्ही रिकामा डबा घेऊन जाऊ लागलो. टेकड्यांवर पळस फुलला होता, पाणी खाली सरकून काठावर ओल्या मातीच्या रेघा उमटल्या होत्या. याडी त्या लांब वाटेच्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. काठी ऑटोतच राहायची.

"माय, डब्यात काय आणलं आज?" ऑटोवाला दर वेळी विचारायचा.

"वारा."

"थोडा मलेही दे ना, लय गरमी होऊन राह्यली."

"आधी हातातली बिडी फेक, मंग देतो."

एकदा मीही डबा डोक्यावर घेऊन पाहिला. तीन पावलांत तो खळ्ळकन फरशीवर पडला आणि झाकण गडगडत पाण्यापर्यंत गेलं. याडी पोट धरून हसली. "तुह्या डोक्यात लय भरलं हाय वं छोरी, वर काही ठरत नाही." आम्ही दोघी झाकण शोधत चिखलात उतरलो. तिनं माझा हात धरला नाही, हे मला बाहेर आल्यावर लक्षात आलं.

चैत्रात एका सकाळी ती पायऱ्यांपाशी थांबली. टेकडीच्या पायऱ्या उंच आहेत आणि सारख्या नाहीत, मधल्या काही तर नुसते दगडच आहेत. तिनं वर पाहिलं आणि डबा माझ्या हातात दिला. "धर."

"डबा नको?"

"तांड्याच्या चढावर कोण रिकामा डबा घेऊन जाते," ती म्हणाली आणि चढू लागली.

मी दोन पायऱ्या मागं होते, हात पुढं करून, पडली तर सावरायला. ती पडली नाही. मध्ये एका ठिकाणी थांबली, श्वास घेतला, चुंबळ मात्र डोक्यावर तशीच होती, तिच्यावर काही नव्हतं. नजर समोर होती. मोहाच्या झाडाखाली गळलेली फुलं होती, त्यांचा गोड वास येत होता. शेवटची पायरी चढून ती छत्रीत गेली आणि खांबाला न टेकता उभी राहिली. खाली आटलेलं निळं पाणी, त्याच्या मधोमध उघडं पडलेलं बेट, आणि बेटावर एकच बगळा. याडी पाण्याकडं बघत होती. मला वाटलं, ती ते सगळं पाहून घेतेय.

मग तिनं विचारलं, "उद्या फाट्यावर जाणारी गाडी किती वाजता हाय?"

मला सांगता आलं असतं, की डॉक्टरांना एकदा दाखवू. शाळेला सुटी लागेपर्यंत थांब, असंही म्हणता आलं असतं, आणि ती थांबली असती. माझ्या शब्दावर तिनं कधी शंका घेतली नव्हती.

"सकाळी सातला," मी म्हणाले.

"मंग लवकर उठा लागते," असं म्हणून ती माझ्या आधी पायऱ्या उतरू लागली.